उपवासाचा पडदा

३ ऑक्टोबर १९६६, सोमवार

व्हिएन्नाहून पेटी आली. गॅलरीने माझी सगळी चित्रं परत केली. नीट गुंडाळून पाठवली एवढ्याबद्दल आभार मानायला हवेत. एकही कोपरा दुमडलेला नाही, म्हणजे बहुधा कुणी बाहेर काढून पाहिलीही नसावीत.

पेटी जिन्यावरून वर चढवताना घरमालकीण नोटबुर्गाबाईंनी विचारलं, "दगड भरलेत का हो आत?"

"तीस वर्षांचं काम आहे," मी म्हटलं.

"मग असणारच जड," त्या म्हणाल्या आणि हात झटकून खाली गेल्या. हा टोमणा होता की नाही, कोण जाणे. त्यांच्या दहा वाक्यांतली नऊ तरी टोमणेच असतात.

फुप्फुसांसाठी डॉक्टरांनी मला दक्षिणेला, केर्न्टन प्रांतातल्या या दरीत धाडलं, त्याला आता पाच महिने होतील. खोकला उतरलाय, भूक लागते, रात्री झोप येते. या हवेचे आणि गोठ्यातल्या त्या तांबड्या गाईचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण मार्चपासून मी छापचित्रासाठी लाकडावर एक रेघ कोरलेली नाही. कोरण्या कापडात गुंडाळून खिडकीत ठेवल्यात. मी त्या बाजूला पाठ करून बसते.

९ ऑक्टोबर, रविवार

आज चक्क फादर उर्बान मला भेटायला आले! चर्चमधला उपवासाचा पडदा कसरीने खाल्लाय. हा पडदा मी व्हिएन्नात कधी पाहिला नव्हता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आधीपर्यंत, उपवासाच्या चाळीस दिवसांत, इथे वेदीपुढे छतापासून खालपर्यंत पडदा टांगतात. पोटाबरोबर डोळ्यांनीही उपवास करायचा. पडद्यावर चित्रं असतात, तेवढीच बघायची. तो पडदा नव्याने करून द्याल का, असं फादर विचारत होते.

"तुमचं मोठं नाव ऐकलंय," ते म्हणाले.

"कुणाकडून?"

त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "असंच हो. दरीत बातमी फिरते."

व्हिएन्ना मला विसरलं आणि या आडगावातल्या पाद्र्याला माझं नाव ठाऊक आहे! मी हुरळून गेले, खोटं कशाला लिहू? बोलताना त्यांच्या मांडीवर मधाची बरणी होती, वर निळ्या चौकड्यांचं फडकं बांधलेलं. अगदी आमच्या तळघरात असतात तशीच. नोटबुर्गाबाई दुपारभर भांडी आपटत होत्या, पण फादर बोलत होते तेवढा वेळ स्वयंपाकघरात अगदी सामसूम होती.

मी हो म्हटलं. मनाशी एक ठरवलंय, ते इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर पळवाट नको. हा पडदा चर्चमध्ये टांगला गेला, लोकांनी तो मनापासून पाहिला, तर मी अजून चित्रकार आहे. नाहीतर कोरण्या सुताराला देऊन टाकायच्या. त्याच्या तरी कामी येतील.

२९ ऑक्टोबर, शनिवार

आज आमच्या बाजूला शेवटचं ऊन पडलं. जेवणाच्या वेळी सूर्य कड्याला टेकला आणि मागे गेला. नोटबुर्गाबाईंनी सासूला, आग्नेस आजींना, खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं होतं. आजींनी डोक्याचा रुमाल सोडून तोंड वर केलं आणि ऊन संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

"झालं," नोटबुर्गाबाई म्हणाल्या. "आता फेब्रुवारीत."

ओढ्यापलीकडचा उतार मात्र संध्याकाळपर्यंत उजळलेला होता. तो हिवाळाभर तसाच राहणार. त्याला उन्हाची बाजू म्हणतात, आमच्याला सावलीची. चर्च उन्हाच्या बाजूला आहे, आणि तिथेसुद्धा उन्हाकडचे उजवीकडच्या बाकांवर आणि सावलीकडचे डावीकडच्या. कुणी चुकूनही पलीकडे बसत नाही.

"त्यांच्याकडची सफरचंदं गोड," नोटबुर्गाबाई मला म्हणाल्या, "आमच्याकडची माणसं."

गोड माणसं! मला अजून भेटायची आहेत.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

कोरतेय! सुताराने लिंडन झाडाच्या फळ्या रंधा मारून दिल्या, लोण्यासारख्या मऊ. पहिली ढलपी उडाली आणि बोटांना सगळं आठवलं. मी थोडी रडले. मग लाकडावर पाणी पडेल म्हणून थांबले.

पडद्यावर लहान चित्रं अकरा आणि मधोमध एक मोठं, दारापेक्षा मोठं. त्यात येशू पाच भाकऱ्या हजारो भुकेल्यांना वाटतोय, आणि ते सगळं याच दरीत चाललंय. मी पुलावर उभी राहून रेखाटन केलं. मध्ये ओढा, दोन्हीकडे उतार. उजव्या उतारावर ऊन आणि त्या उन्हात बसलेली, खाणारी माणसं. डावा उतार काळा. घरं म्हणजे नुसती त्रिकोणी छपरं, सगळी सारखी. माणसं म्हणजे गव्हाचे दाणे. चेहरेबिहरे मी काढत नाही, ते फोटोग्राफरचं काम.

रेखाटन समोर ठेवून जसंच्या तसं फळीवर उतरवलं. कागद उलटा करून, आरशात दिसावं तसं उतरवून घ्यायचा खटाटोप मी आयुष्यात केला नाही. छाप उलटी पडते, पडू दे. चित्र ते चित्रच. माझी नदी कुठून कुठे वाहते हे व्हिएन्नात तीस वर्षांत एकानेही विचारलेलं नाही.

११ डिसेंबर, रविवार

कापडाचा प्रश्न सुटला. नोटबुर्गाबाईंनी माळ्यावरच्या पेटीतून जवसाच्या धाग्याचं घरी विणलेलं कापड काढून माझ्या पलंगावर टाकलं. "पडून होतं. नाहीतरी उंदरांनीच खाल्लं असतं."

उंदराने एक धागाही कुरतडलेला नाही. कापड पुष्कळ धुवून पातळ झालंय, पण इस्त्री करून, मध्ये लव्हेंडर घालून ठेवलेलं होतं. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात, इथे मुलीच्या लग्नाच्या कापडांवर भरतात तशी, लाल धाग्याची दोन अक्षरं होती, ती नुकतीच उसवलेली दिसतात. टाके होते तिथे बारीक भोकं राहिलीत. कुणाची अक्षरं होती ते विचारायचं राहिलं.

खोकला पुन्हा वाढलाय. त्या रोज कांदा घालून उकळलेलं दूध आणून समोर उभ्या राहतात, पिऊन होईपर्यंत हलत नाहीत.

"पडदा पुरा होईपर्यंत मरायचं नाही हं, बाईसाहेब," आज म्हणाल्या. "मग काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

अशा बाईच्या घरात मी राहतेय. पण दुधाने छाती मोकळी होते, हेही लिहायला हवं.

१४ जानेवारी १९६७, शनिवार

आजच्याइतकी मी गेल्या दहा वर्षांत हसले नसेन.

मोठ्या फळीला पुरेल एवढं छापयंत्र या दरीत कुठून असणार? म्हणून स्वयंपाकघरातलं टेबल बाहेर काढलं, फळी जमिनीवर ठेवली, शाई लावली, वर कापड, त्यावर जाड घोंगडी. आणि मग सावलीकडच्या सात-आठ बायका लोकरी मोजे घालून तिच्यावर चढल्या. एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून, पावलाला पाऊल लावत, इंच इंच तुडवायचं, असं मी शिकवलं.

"वजनदार बाई कोपऱ्यात हवी," मी म्हणाले.

"मग तुमचा काय उपयोग?" नोटबुर्गाबाई म्हणाल्या. "तुम्ही मध्ये उभ्या राहा, पताका म्हणून."

आग्नेस आजी हट्टाला पेटल्या. त्यांना दोघींनी काखेत धरून चार पावलं चालवलं. "ही माझी पावलं बरं का," त्या सगळ्यांना बजावत होत्या, "देवाला सांगून ठेवा." मग पिवळ्या रंगाची दुसरी फळी, पुन्हा तुडवणं. मधल्या वेळात सगळ्यांनी चीज आणि पुदिना भरलेल्या कासनूडल, म्हणजे इथल्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या, मीही तीन खाल्ल्या.

कापड उचललं आणि एकदम शांतता. हसणाऱ्या बायका कापडावर वाकून बघत राहिल्या. शाई पातळ झाली होती, ती कापडाच्या आरपार जाऊन मागेही चित्र उमटलं होतं. त्यांना तेच खटकलं असणार.

"हे असंच राहणार?" एकीने विचारलं.

"असंच."

"चर्चमध्ये? सगळ्यांसमोर?"

मी जरा चिडूनच हो म्हटलं. नोटबुर्गाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि पिवळ्या उतारावरची छपरं बोट न लावता मोजू लागल्या. "पुलापासून डावीकडे तिसरं," त्या पुटपुटल्या. मग उठल्या, नाक शिंकरलं, आणि जमिनीवर शाई सांडली म्हणून माझ्यावर उखडल्या.

एवढं झालं तरी या बायकांची मी ऋणी आहे. माझ्या चित्रावर आजवर पुष्कळ जण बोलले, पण त्यावर कुणी चाललं नव्हतं.

२४ जानेवारी, मंगळवार

फार वाईट दिवस.

वॅलेंटीन ओबरलेर्खर आले होते. उन्हाकडचे सगळ्यांत मोठे शेतकरी, चर्चच्या मंडळाचे प्रमुख. त्यांच्यामागे फादर उर्बान, टोपी हातात फिरवत. मोठं चित्र खोलीत वाळत टांगलेलं होतं. वॅलेंटीन त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले.

"बाई, पुलापासून उजवीकडे दुसरं घर कुणाचं?"

"मला काय माहीत? सगळी घरं सारखीच काढलीत मी."

"माझं. तीनशे वर्षं माझंच आहे. आणि ते अंधारात आहे."

मी हसले. "चित्र आहे हो हे!"

"चित्र आहे म्हणूनच म्हणतोय. आम्ही काळे ठिक्कर आणि ते तिकडे उन्हात बसून भाकरी खातायत! चाळीस दिवस देवासमोर हे बघत बसायचं? माझ्या बापाने ऐकलं असतं तर थडग्यातून उठून आला असता."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी उन्हाची बाजू उजवीकडे कोरली, म्हणून ती छापून डावीकडे आली. छपरं सगळी सारखी, त्यामुळे जागेवरूनच घर ओळखायचं. माझ्या चित्रात ऊन सावलीकडच्यांवर पडलं होतं. नोटबुर्गाबाईंच्या स्वयंपाकघरातली ती शांतता शाईमुळे नव्हती तर! त्यांनी त्याच दिवशी ओळखलं होतं आणि चकार शब्द काढला नाही.

राखेच्या बुधवारला दोन आठवडे उरलेत. एवढी फळी पुन्हा कोरायला दोन महिने लागतात, आणि माझ्या छातीत तेवढा दम नाही. मी तसं सांगितलं. फादर घाम पुसत म्हणाले, "मग हे एक चित्र काढून टाकून..."

"मधलं चित्र काढलं तर राहिलं काय?" मी ओरडलेच, आणि खोकल्याची उबळ आली.

वॅलेंटीननी माझ्यासाठी पाणी ओतलं, हे सांगायला हवं. मी पीत असताना त्यांनी कापडाची कड उचलून मागे पाहिलं. "अहो, हे तर मागेही आलंय. आणि मागून सगळं बरोबर आहे! उलटं करून शिवा की."

म्हणजे माझ्या चित्राची पाठ लोकांकडे! रंग फिके, कडा पुसट. कुणाचं तोंड भिंतीकडे करून त्याला पाहुणा म्हणून बसवल्यासारखं. मी नाही म्हणणार होते. नोटबुर्गाबाई माझ्या बाजूने चार शब्द बोलतील असं वाटलं, आजवर मला बोलायची एक संधी सोडली नाही त्यांनी. पण त्या वॅलेंटीनकडे बघत होत्या, मग वेगळाच काही विचार करत खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मागची बाजू वेदीकडे राहील ना, फादर?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे आताची पुढची बाजू."

"मग द्या इकडे. मी शिवते."

इतक्या लगेच! इतकी सहज! दूध आलं ते प्यायले नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

पडदा शिवून झाला. बारा चित्रं, मधलं उलटं. टाके इतके बारीक की दिसत नाहीत. नोटबुर्गाबाईंच्या हातचं काम वाईट आहे असं मी रागातही म्हणू शकत नाही.

शिवण संपल्यावर त्या बादली आणि चिंध्या घेऊन चर्चमध्ये गेल्या. वेदीपाशी झाडलोट करायचं काम पूर्वीपासून सावलीकडच्या बायकांकडे आहे. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरेल अशा थंडीत या बाई शिडी लावून वेदीमागची उंच खिडकी पुसत होत्या! दोन तास. पडदा लागल्यावर ती खिडकी कुणाला दिसणारसुद्धा नाही. मी तसं म्हटलं.

"घाण झाली होती," एवढंच उत्तर मिळालं.

सुताराला निरोप पाठवलाय, बुधवारनंतर येऊन कोरण्या घेऊन जा म्हणून. ईस्टरला व्हिएन्नाला परत जाईन. तिथे निदान कुणी माझी चित्रं उलटी टांगत नाही. टांगतच नाहीत.

तरी या दरीने मला बरं केलं, हे विसरणार नाही. फुप्फुसं परत मिळाली. माणसाने सगळंच मागू नये.

८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळच्या प्रार्थनेला चर्च भरलं होतं. पडदा वेदीपुढे छतापासून टांगलेला. मधलं चित्र फिकं दिसत होतं, पण मागच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाने पिवळा उतार जरासा पेटलेला. उजवीकडचा उतार. उन्हाकडच्या बाकांवर माना हलल्या. "आता कसं," वॅलेंटीन कुणाला तरी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. कपाळाला राख लावून घेऊन लोक आपापल्या जागी गेले. मी शेवटच्या बाकावर बसले होते. टांगला गेला, लोकांनी पाहिलाही. पण जे पाहिलं ती माझ्या चित्राची पाठ होती. माझ्या मनात तेव्हा सुतार केव्हा येणार एवढंच होतं.

प्रार्थना संपली. उन्हाकडचे बाहेर पडले. सावलीकडच्या बायका बसूनच राहिल्या. मग नोटबुर्गाबाई उठल्या, आग्नेस आजींना हाताला धरून बाजूने पडद्यामागे घेऊन गेल्या. वेदीला काही वाहायचं असेल असं मला वाटलं. थोड्या वेळाने आजी बाहेर आल्या आणि दुसरी बाई आत गेली. तिच्यानंतर आणखी एक. पडद्याच्या कडेपासून भिंतीच्या बाजूने बायका एकामागे एक उभ्या होत्या आणि कुणी कुणाला घाई करत नव्हतं.

मी उठून तिकडे गेले आणि कडेच्या फटीतून आत पाहिलं. धुतलेल्या खिडकीतून सगळं ऊन थेट माझ्या चित्रावर पडलं होतं, माझ्या खऱ्या चित्रावर, उमटलं होतं त्या बाजूवर. पिवळा उतार इतका झगझगत होता की कोरताना मलाही तो तसा दिसला नव्हता. डावा उतार! त्याच्यासमोर वेदीच्या पायरीवर एक बाई उभी होती. तिने डोक्याचा रुमाल सोडला होता, तोंड वर केलं होतं आणि डोळे मिटले होते. आमच्या अंगणात खरं ऊन यायला अजून दिवस आहेत.

ती वळली तेव्हा ओळखलं. वॅलेंटीनची बायको, आपोलोनिया. सावलीकडचं माहेर आहे तिचं, हे मला तिथेच एका बाईने कानात सांगितलं. "लग्न होऊन तीस वर्षं तिकडच्या उन्हात राहते," ती म्हणाली, "पण आईचं घर इकडचंच ना." वॅलेंटीन उजवीकडच्या रिकाम्या बाकांवर एकटेच बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून, बायकोची वाट बघत. मागे काय चाललंय ते त्यांना कळत होतं. ते समोर, आपल्या बाजूच्या उन्हाकडे बघत राहिले.

मला फार रडू आलं. व्हिएन्नात माझ्या प्रदर्शनांना लोक आले, हातात वाइनचे पेले घेऊन, चित्रांकडे पाठ करून गप्पा मारत. माझ्या एखाद्या चित्रासमोर कुणी डोळे मिटून उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी कुणाकुणाचे आभार मानू? वॅलेंटीनचे, त्यांनी कड उचलून पाहिली म्हणून. माझ्या खोडीचे, तीस वर्षं उलटं न करता सरळ कोरल्याबद्दल. आणि या बाईचे, जिने सगळं आधीच पाहिलं होतं आणि एक शब्द न बोलता खिडकी पुसली. घरी जाताना सुताराकडे थांबायचं तेव्हाच ठरवलं. कोरण्या मिळणार नाहीत म्हणून सांगायचं आणि फळ्या आहेत का विचारायचं.

मी त्या कडेशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. नोटबुर्गाबाईंनी माझ्या कोपराला धरून मला मागे ओढलं.

"मध्येच काय घुसतेस?" त्या खालच्या आवाजात खेकसल्या. "रांगेत उभी राहा. तुझ्याआधी बायका आहेत."

मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.